वाहत्या प्रकाशातलं कृष्णविवर

स्टीलचं एखादं सपाट बुडाचं ताट घ्या, सिंकमध्ये पालथं घाला आणि नळाची बारीक, एकसंध धार त्यावर सोडा. धार पडते तिथून पाणी चहूबाजूंना पसरतं. सुरुवातीला थर इतका पातळ आणि तुळतुळीत असतो की पाणी आहे की नुसती चकाकी, असं वाटावं. मग दोन-तीन बोटांच्या अंतरावर एकदम एक गोल कडा उभी राहते, आणि तिच्या पलीकडे पाणी जाड, संथ, थरथरतं होतं. आता एक काडी घेऊन तिचं टोक कडेबाहेरच्या पाण्यात हलवा. तरंग उठतात, आत यायला निघतात आणि कडेशी येऊन अडतात. तेच टोक आतल्या पातळ थरात टेकवा. काडीच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेघा उमटतात. तिच्या पुढे, धारेच्या बाजूला, काहीच हलत नाही.

आतलं पाणी तरंगांपेक्षा वेगात धावतंय, म्हणून असं होतं. तरंग कितीही धडपडला तरी प्रवाह त्याला बाहेरच लोटतो. कडेवर पाण्याचा वेग आणि तरंगाचा वेग बरोबरीला येतात. तिथून बाहेर प्रवाह हळू आणि तरंग वरचढ. म्हणजे तरंगांच्या दृष्टीने हे वर्तुळ एक असा प्रदेश आहे, जिथून बाहेर पडता येतं पण आत शिरता येत नाही. कृष्णविवराची फिल्म उलटी फिरवली तर जे दिसेल ते हे, त्याला श्वेतविवर म्हणतात. फ्रान्समधल्या नीस शहरातल्या संशोधकांनी सुईच्या मागे उमटणारा तो व्ही वेगवेगळ्या अंतरांवर काटेकोरपणे मोजला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. कडेजवळ जावं तसा त्याचा कोन रुंदावत जातो आणि कडेवर दोन्ही रेघा मिळून जवळजवळ एक सरळ रेघ होते. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा अर्धा तास सिंकपाशी उभा होतो, आणि तुम्हीही लेख बाजूला ठेवून आधी हेच करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुढचं सगळं त्या कडेभोवतीच फिरतं.

ही कडा निव्वळ उपमा नाही, हे कॅनडातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम अन्रूह यांनी १९८१ साली दाखवलं. वाहत्या द्रवातून जाणाऱ्या ध्वनिलहरीचं समीकरण त्यांनी मांडलं, आणि ते वक्र अवकाशकालातून जाणाऱ्या क्षेत्राच्या समीकरणासारखंच निघालं. आइन्स्टाइन सांगतात की जड वस्तूंमुळे अवकाश आणि काळ यांची मिळून असलेली वीण वाकते आणि प्रकाश त्या वाकलेल्या विणीतून वाट काढतो. द्रवात ही वीण म्हणजे प्रवाहाचा वेग आणि त्या त्या जागचा ध्वनीचा वेग, एवढंच. प्रवाह कुठे संथ, कुठे वेगवान, यावर ध्वनीसाठी अवकाशकालाचा आकार ठरतो. धबधब्याकडे जाणारी नदी डोळ्यांसमोर आणा. पाणी काठाकडे जाताना वेग घेतं आणि एका रेषेवर ते ध्वनीपेक्षाही वेगवान होतं असं समजा. त्या रेषेपलीकडे गेलेल्या माशाने कितीही हाका मारल्या तरी मागे राहिलेल्या माशाला त्या कधीच ऐकू जाणार नाहीत. ती रेषा म्हणजे घटनाक्षितिज. अन्रूहना अशा रचनेला ‘मुकं विवर’ म्हणायला आवडतं.

हा खटाटोप कशासाठी? तर स्टीफन हॉकिंग यांच्यासाठी. १९७४ साली हॉकिंग यांनी गणित करून सांगितलं की कृष्णविवर अगदी काळं नसतं. क्षितिजामुळे त्यातून अत्यंत मंद उष्णता बाहेर पडते, आणि तेवढी ऊर्जा गमावत ते हळूहळू विरघळत जातं. पण किती मंद? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं हे तापमान येतं सुमारे ०.०००००००६ केल्विन. (केल्विन मोजतात ते निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून.) त्याच्याभोवतीचं आकाश मात्र महास्फोटापासून उरलेल्या प्रारणामुळे २.७ केल्विनवर आहे. पेटलेल्या होळीसमोर धरलेल्या बर्फाच्या खड्याची ऊब मोजण्यासारखं हे आहे. शिवाय विवर जितकं मोठं, तितकं अधिक थंड. आकाशातल्या कृष्णविवरावर दुर्बीण रोखून ही ऊब मोजण्याची आज काहीच सोय नाही.

ही उष्णता, म्हणजेच हॉकिंग प्रारण, कशी बाहेर पडते, हे बहुतेक ठिकाणी एका छोट्या गोष्टीतून सांगतात: निर्वातात कण आणि प्रतिकण जोडीने उपजतात, एक विवरात पडतो, दुसरा निसटतो. ही गोष्ट लक्षात राहते, पण मला ती पुरेशी वाटत नाही. पडणारा कण विवराची ऊर्जा कमी कशी करतो, ते तिच्यातून कळत नाही. वाहत्या द्रवात मात्र ते हाताने चाचपता येतं.

प्रवाहाच्या उलट तोंड करून निघालेली एक लहर घ्या. तिच्या स्वतःच्या हालचालीत थोडी ऊर्जा असते. पण ती प्रवाहाला मागे रेटते, म्हणजे प्रवाह किंचित मंदावतो आणि त्याची ऊर्जा थोडी घटते. संथ प्रवाहात ही घट लहरीच्या स्वतःच्या ऊर्जेपेक्षा कमी भरते. काठावरून हिशेब केला तर लहर आल्याने एकूण ऊर्जा वाढलेली दिसते. प्रवाह ध्वनीपेक्षा वेगवान झाला की पारडं फिरतं. आता मंदावण्यातून वाचलेली ऊर्जा लहरीच्या ऊर्जेपेक्षा जास्त होते. लहर आहे, तिची हालचाल दिसते आहे, तरी तिच्यासकट प्रवाहाची एकूण ऊर्जा आधीपेक्षा कमीच! हिला ऋण ऊर्जेची लहर म्हणतात, आणि ती फक्त क्षितिजाच्या आतल्या बाजूलाच असू शकते.

आता बाहेर धन ऊर्जेची एक लहर आणि आत तेवढ्याच ऋण ऊर्जेची दुसरी लहर अशी जोडी झाली तर जमाखर्च शून्यावर येतो. जोडी तयार व्हायला बाहेरून काही द्यावं लागत नाही. फक्त एक ठिणगी हवी, आणि ती क्वांटम निर्वातात कायम हजर असते, कारण क्वांटम सिद्धांतानुसार कुठलंही क्षेत्र पूर्ण स्तब्ध राहूच शकत नाही. रिकाम्या वाटणाऱ्या जागेतही त्याची किमान थरथर चालू असते. क्षितिजावर ही थरथर दोन्हीकडे ताणली जाते, फाटते, आणि तिच्यातून अशा जोड्या सतत बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या लहरींचा वर्णपट उष्ण वस्तूसारखा असतो. तापमान किती, ते क्षितिजाजवळ वेग किती झटकन बदलतो यावर ठरतं. धबधब्याचा उतार खडा, तर तापमान जास्त. मोठ्या कृष्णविवराचा उतार सौम्य असतो, म्हणून ते थंड.

हॉकिंग यांच्या गणितात एक अडचण आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रयोगांचं खरं महत्त्व तिच्यात आहे. विवरापासून दूर पोचलेल्या एका लहरीचा माग मागे क्षितिजापर्यंत काढत गेलं, तर तिची लांबी कमी कमी होत जाते. अणूपेक्षा लहान, प्रोटॉनपेक्षा लहान, आणि शेवटी प्लांक लांबीपेक्षाही लहान, म्हणजे १ मीटरचे १ वर ३५ शून्य एवढे भाग केले तर त्यातल्या एक-दीड भागाहून कमी. तिथे गुरुत्व आणि क्वांटम यांचे नियम एकत्र कसे चालतात हे कोणालाच माहीत नाही. म्हणजे हॉकिंग यांचं उत्तर अशा वाटेने येतं, जिच्या मधल्या एका टप्प्याचा नकाशाच नाही. मग उत्तरावर भरवसा ठेवायचा कसा?

द्रवातही नेमकी हीच अडचण येते, फक्त तिथे नकाशा आहे. लहर क्षितिजाशी जाताना आखूड होत होत अणूंमधल्या अंतराच्या घरात येते, आणि तिथे ‘सलग द्रव’ ही कल्पना मोडते. पण मोडल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण अणूंचे नियम आपण जाणतो. अन्रूह यांनी १९९५ साली संगणकावर हे तपासलं. आखूड लहरींचे नियम बदलून पाहिले, तरी उष्णता जवळपास तीच आली. सूक्ष्म तपशील कसेही असोत, क्षितिज असलं की प्रारण आहेच, असा त्याचा रोख. आता हे कागदावरून आणि संगणकावरून उतरवून खऱ्या, क्वांटम नियमांनी चालणाऱ्या द्रवात दाखवायचं होतं.

इस्रायलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेत जेफ स्टाइनहाउअर यांनी ते रुबिडियम या धातूच्या अणूंच्या, द्रवासारख्या वाहणाऱ्या अतिथंड वायूत केलं. त्यांच्या २०१९च्या प्रयोगात सुमारे ८,००० अणू होते आणि प्रारणाचं मोजलेलं तापमान ०.३५ नॅनोकेल्विन, म्हणजे केल्विनच्या अब्जांशाच्याही आतलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांच्या गटाने तोच प्रयोग १२४ दिवस चालवून ९७,००० वेळा केला. इतक्या वेळा का? कारण प्रत्येक फोटो काढला की तो थंड वायू नष्ट होतो. पुन्हा वायू थंड करा, पुन्हा क्षितिज उभं करा, पुन्हा एकच फोटो. अणूंचा द्रव पाहायचा तर तो मोडावा लागतो. त्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

इथे प्रकाश येतो.

प्रकाश द्रवासारखा वाहू शकतो हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण द्रवाच्या कणांना वस्तुमान असतं आणि ते एकमेकांना ढकलतात. दोन बॅटऱ्यांचे झोत मात्र एकमेकांतून आरपार जातात, एकमेकांची दखलही घेत नाहीत. या दोन्ही उणिवा भरून काढता येतात. प्रकाशाला दोन उत्तम आरशांच्या मध्ये कोंडा, आणि आरशांमधलं अंतर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी ठेवा. प्रकाश वर-खाली आपटत राहतो आणि आडवा फक्त हळूहळू सरकतो. वर-खाली आपटण्यात अडकलेली ऊर्जा आडव्या हालचालीसाठी वस्तुमानाचं काम करते. पहिली उणीव संपली.

दुसरीसाठी आरशांच्या मध्ये सेमीकंडक्टरचे अतिशय पातळ थर ठेवतात. पुढे येणाऱ्या पॅरिसच्या प्रयोगांत ते गॅलियम आर्सेनाइड कुळातले असतात आणि सगळा नमुना द्रवरूप हीलियमच्या तापमानापर्यंत, म्हणजे साधारण ४ केल्विनपर्यंत थंड केलेला असतो. प्रकाश या थरात शिरला की एक इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. ते दोघं एकमेकांना धरून फिरतात. त्या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. प्रकाश शोषला जातो, परत बाहेर टाकला जातो, पुन्हा शोषला जातो. ही देवाणघेवाण इतक्या झपाट्याने चालते की प्रकाश कोणता आणि एक्सिटॉन कोणता हे वेगळं सांगता येत नाही. दूध-साखरेसारख्या एकजीव झालेल्या या कणाला पोलॅरिटॉन म्हणतात. प्रकाशाच्या अंशामुळे तो हलका असतो, इलेक्ट्रॉनपेक्षाही दहा हजार ते लाख पटींनी हलका. एक्सिटॉनच्या अंशामुळे तो शेजाऱ्याला ढकलतो. ढकलाढकली आली की दाब आला, आणि दाब आला की ध्वनी आला. या प्रकाशद्रवात ध्वनी सेकंदाला काहीशे किलोमीटर जातो.

पोलॅरिटॉन हे बोसॉन आहेत. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधातून ज्या कणांचं गणित सुरू झालं, त्या जातीचे. बोसॉनना एकाच अवस्थेत दाटीने राहायला आवडतं, म्हणून पोलॅरिटॉनांचा अख्खा जमाव एकाच लहरीसारखा वागतो. २००९ साली पॅरिसच्या कास्टलर-ब्रॉसेल प्रयोगशाळेत हा द्रव एका अडथळ्यावरून वाहवला. वेग ध्वनीपेक्षा कमी होता तेव्हा प्रकाश अडथळ्याला वळसा घालून काहीही न विखुरता निघून गेला, घर्षणाचा मागमूस नाही. वेग ध्वनीपेक्षा वाढला तेव्हा अडथळ्याभोवती तिरप्या लहरींचा व्ही उमटला. पालथ्या ताटावर काडीच्या मागे दिसला होता तोच.

या द्रवाचं एक दुखणं आहे: तो गळतो. आरसे कितीही चांगले असले तरी पोलॅरिटॉन साधारण १० पिकोसेकंदांत निसटतो. सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. तेवढ्या दहा भागांत मोकळा प्रकाशसुद्धा जेमतेम ३ मिलिमीटर जातो. त्यामुळे द्रव टिकवायला लेझरने तो सतत भरत राहावा लागतो. पण नीट विचार केला तर ही गळतीच सगळ्यात मोठी देणगी आहे. निसटणारा प्रत्येक प्रकाशकण आतली बातमी बरोबर घेऊन येतो. तो ज्या जागेवरून निघाला ती जागा द्रवाची जागा, ज्या कोनात निघाला तो कोन म्हणजे द्रवाचा वेग, त्याचा रंग म्हणजे ऊर्जा. समोर कॅमेरा ठेवायचा. द्रव मोडावा लागत नाही, प्रयोग ९७,००० वेळा नव्याने मांडावा लागत नाही. भरत राहा, पाहत राहा.

क्षितिज उभं करणंही इथे सोपं पडतं. लेझरचा झोत नमुन्यावर जितका तिरपा पाडावा, तितका द्रवाचा वेग. आणि जिथे उजेड दाट, तिथे ध्वनी जास्त वेगवान. म्हणजे एका बाजूला दाट आणि संथ, दुसऱ्या बाजूला विरळ आणि वेगवान असा झोत घडवला की मध्ये कुठेतरी दोन्ही वेग बरोबरीला येतात. तेच क्षितिज. पॅरिसजवळच्या मार्कूसी इथे २०१५ साली अशा द्रवात क्षितिज पहिल्यांदा तयार झालं. २०२५ साली कास्टलर-ब्रॉसेलच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं: झोताला पाहिजे तो आकार देणारं उपकरण वापरून त्यांनी क्षितिजाचा उतार हवा तसा सौम्य किंवा खडा करून दाखवला. मग दुसऱ्या, अगदी मंद लेझरने द्रवाला हलकेच टिचकी मारून दोन्ही बाजूंना कोणत्या लहरी राहू शकतात ते तपासलं. आतल्या बाजूला ऋण ऊर्जेच्या लहरी मिळाल्या. वर जो जमाखर्च मांडला, त्यातली उणे बाजू अशी प्रत्यक्ष हाती आली.

उताराचा अंदाज घ्यायचा तर साधा हिशेब पुरतो. ५ मायक्रॉनच्या अंतरात वेग सेकंदाला ५०० किलोमीटरने बदलला असं धरा. हॉकिंग यांच्या सूत्रातून तापमान येतं केल्विनच्या सुमारे दहाव्या भागाएवढं. अणूंच्या वायूतल्या तापमानाच्या तुलनेत हे कोट्यवधी पटींनी जास्त आहे. मात्र उताराचा हा हिशेब म्हणजे प्रारण मोजलं असा नाही. निर्वाताच्या थरथरीतून आपोआप उमटणाऱ्या जोड्या प्रकाशद्रवात पकडणं ही त्या गटाची पुढची पायरी आहे, आणि भरणाऱ्या लेझरचा व गळतीचा गोंगाट त्यातून वेगळा काढणं हे तिथलं अवघड काम.

आरशांशिवायही प्रकाशद्रव होतो. रुबिडियमची वाफ शंभर अंशांवर तापवायची आणि तिच्यातून लेझर सोडायचा. वाफेमुळे प्रकाशकण एकमेकांना ढकलू लागतात, आणि झोत जसा पुढे सरकतो तसा त्याच्या आडव्या पटावरचा ‘काळ’ पुढे सरकतो. वाफेत शिरताना ढकलाढकली एकदम सुरू होते, बाहेर पडताना एकदम थांबते. असा अचानक बदल प्रसरण पावणाऱ्या विश्वातल्या झटपट बदलासारखा असतो, आणि त्यात निर्वातातून जोड्या उपजतात. स्टाइनहाउअर आणि पॅरिसमधले क्वांतँ ग्लोरियो यांच्या गटांनी मिळून २०२२ साली हे दाखवलं. वाफ तापलेली आणि तिच्यातला प्रकाशद्रव मात्र अतिथंड, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

यातून आकाशातली कृष्णविवरं खरोखर विरघळतात हे सिद्ध होतं का? नाही, आणि तसं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. प्रकाशद्रवात गुरुत्वाकर्षण नाही. इथला प्रवाह आइन्स्टाइनच्या समीकरणांनी ठरत नाही, प्रयोग करणारा तो लेझरने ठरवतो. तपासलं जातं ते एवढंच: वक्र अवकाशकाल एकदा ठरवून दिला की त्यात क्वांटम क्षेत्र कसं वागतं, आणि ते वागणं पार्श्वभूमी कशाची बनली आहे यावर कितपत अवलंबून असतं. पाणी, थंड अणू, प्रकाश अशा तीन अगदी वेगळ्या द्रव्यांत क्षितिज सारखं वागत असेल, तर प्लांक लांबीच्या त्या कोऱ्या नकाशाची भीती बरीच कमी होते.

याच द्रवात आणखी एक गोष्ट ऐकायची आहे. कृष्णविवराला धक्का बसला की ते घंटेसारखं निनादतं आणि तो नाद लवकर विरतो. १९७० साली सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी ही गोष्ट गणितातून दाखवली, आणि गुरुत्वलहरींच्या वेधांत ती पुढे सापडली. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळाही अशा नादाचा कानोसा घेईल. पॅरिसच्या गटाने २०२३ साली प्रकाशद्रवासाठी हिशेब मांडला, तो असा की तिथे या घंटेला कोणी धक्का द्यायची गरजच पडू नये. निर्वाताची थरथरच तिला वाजवील. ते पाहायचं तर क्षितिजाच्या दोन्ही बाजूंनी गळणारा प्रकाश एकाच वेळी मोजायचा, आणि बाहेरच्या बाजूला उजेड किंचित वाढला की त्याच क्षणी आतल्या बाजूलाही काही हललं का, हे लाखो नोंदींतून जुळवत बसायचं.